फवारणीपूर्वी छायाचित्र : परसातील सूक्ष्म कीटकांच्या ओळखीचा एक पाठ

झाडावर काही पांढरे दिसले, काळे दिसले किंवा हालताना दिसले की पंप पाठीस लावावयाचा, ही आम्हां शेतकऱ्यांची खोड जुनी आहे. जे दिसले ते नेमके काय, ते पीक खाते की पीक खाणाऱ्यास खाते, हा प्रश्न बहुधा फवारणी उरकल्यावर सुचतो. आणि तेव्हा उत्तर देण्यास कोणी जिवंत उरलेले नसते. हा पाठ आम्ही स्वतः नुकसान सोसून शिकलो. तो वाचकांस तरी विनामूल्य मिळावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत. त्यास लागणारे मुख्य साहित्य आज बहुतेक प्रत्येक घरी आहे; ते म्हणजे मोबाइल फोन.

आमची हयात महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. कीटकशास्त्राचे शिक्षण आम्हांस नाही. तथापि त्या कारकुनीने एक गोष्ट अंगी मुरविली आहे. स्थळपाहणी केल्यावाचून नोंद धरू नये. चुकीचा फेरफार एकदा मंजूर झाला की तो दुरुस्त करून घेण्यास पुढच्या पिढीचे जोडे झिजतात. किड्यास शत्रू ठरविणे हाही एक फेरफारच आहे, आणि त्याची अंमलबजावणी तर त्याच दिवशी होते.

आमचे घणसोली गाव ठाणे खाडीच्या पूर्वेस आहे. आमच्या लहानपणी गावाभोवती भाताची खाचरे होती व खाडीच्या बाजूस खारजमीन होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या नगरासाठी ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. त्यांत आमचे गाव आले. आज गावठाणात घरास घर लागले आहे. ज्यांच्या वडिलांची नावे सातबारावर एकरांनी होती, त्यांच्या वाट्यास परसातील चार-सहा पावलांची जागा राहिली. त्या जागेत जास्वंद, पपई, कढीपत्ता, अळू व चवळीचा एखादा वेल, एवढीच काय ती आमची शेती. अशा दाटीत फवारलेले औषध शेजारच्या खिडकीतून चुलीपर्यंत जाते. सबब ज्याची शेती लहान, त्याने तर अधिकच पाहून पाऊल टाकले पाहिजे.

आमच्या हातून घडलेली चूक

तीन वर्षांपूर्वीच्या फाल्गुनातील गोष्ट. परसातील जास्वंदीच्या शेंड्यांवर पिठ्या ढेकूण, ज्यास हल्ली मिलीबग म्हणतात तो, पडला आणि पाहता पाहता पपईवर गेला. कोवळी पाने आक्रसली. खालच्या पानांवर चिकट रस गळून त्यावर काजळी धरली. त्या पांढऱ्या पुंजक्यांतच काही मोठे झिपरे जीव फिरत होते. ते पिठ्या ढेकणाच्या तिप्पट-चौपट लांबीचे असून त्यांच्या अंगावरून मेणाच्या पांढऱ्या दशा लोंबत होत्या. आम्ही उभ्या उभ्या निकाल दिला की, ही त्याच किडीची थोराड पिढी होय आणि सर्व उपद्रवाचे मूळ हीच. ते जीव आम्ही काडीने वेचून वेचून चिरडले. उरलेल्यांवर दुकानातून आणलेले कीटकनाशक आठ दिवसांच्या अंतराने दोन वेळा फवारले.

शेंडे स्वच्छ झाले व आम्ही समाधान पावलो. परंतु तीन आठवड्यांत पिठ्या ढेकूण पुन्हा आला, तो पूर्वीपेक्षा दाट. मेणाच्या आवरणाखाली व सालीच्या खाचांत जे दडले होते ते वाचले होते. त्यांस खाणारे मात्र कोणी वाचले नव्हते. चैत्र सरेपर्यंत पपईची तिन्ही झाडे गेली.

आमच्या पुतणीने पहिल्या फवारणीच्या आदल्या सकाळी गंमत म्हणून त्या जास्वंदीची छायाचित्रे फोनवर घेतली होती. पुढे पावसाळ्यात ती एका कीटकशास्त्र जाणणाऱ्या स्नेह्यांच्या पाहण्यात आली. त्यांनी एक चित्र बोटांनी मोठे करून आमच्यापुढे धरले. त्या झिपऱ्या जीवास सहा धडधाकट पाय होते, चावण्याचे जबडे होते, आणि त्या जबड्यांत एक पिठ्या ढेकूण धरलेला होता. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड भुंगेऱ्याच्या एका जातीची अळी होती. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियातला. १८९८ साली तो किडींच्या बंदोबस्तासाठी दक्षिण भारतात आणला गेला. त्याची एक अळी आपल्या आयुष्यात शेकडो पिठ्या ढेकूण व त्यांची अंडी फस्त करते. द्राक्षबागायतदार हे किडे प्रयोगशाळेतून विकत आणून बागेत सोडतात. जे पैसे मोजून आणावयाचे, ते आमच्या परसात आपल्या पायांनी आले होते, आणि आम्ही त्यांस काडीने वेचून मारले. पुरावा फवारणीच्या आधीपासून घरातच होता. तो पाहिला कोणी नाही.

अशी चूक पूर्वीही झाली आहे

ही चूक आमच्यासारख्या कारकुनाकडूनच होते असे नाही. किरमिजी रंग देणारा कोचिनिल किडा निवडुंगावर वाढतो. कंपनी सरकारच्या अमदानीत, १७९५ साली, त्या रंगाचा धंदा येथे उभारावा म्हणून ब्राझीलहून हा किडा आणविण्यात आला. प्रत्यक्षात आला तो त्याच कुळातील दुसराच किडा. रंगाचा धंदा काही उभा राहिला नाही. मात्र त्या किड्याने निवडुंगाची एक जात खाऊन टाकली. पुढे १९२६ साली श्रीलंकेतून याच कुळातील आणखी एक जात आणण्यात आली, ती मात्र निवडुंग मारण्यासाठीच. आणि तिने थोड्याच वर्षांत दक्षिण भारतातील हजारो एकर जमीन निवडुंगाच्या वेढ्यातून सोडविली. नुसत्या डोळ्यास हे सारे किडे सारखेच. निवडुंगाच्या फडावर चिकटलेले कापसाचे बोंडूक. परंतु एकाच्या जागी दुसरा धरला की साराच हिशेब बदलतो.

बारीक जीव पाहण्यास विद्वानच असावे लागते असेही नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा लेवेनहुक हा कापडाचा व्यापारी. १६६० सालापासून तो गावच्या कचेरीत चाकरीस होता. स्वतः घासलेल्या एकेका भिंगातून त्याने जे पाहिले त्याची पत्रे तो लंडनच्या रॉयल सोसायटीस पाठवीत असे. माव्याच्या मादीच्या पोटात अंडी नसून जिवंत पिले असतात, हे त्याने १६९५ साली पाहिले. कचेरीतील माणसाने भिंग हाती धरले तर ते वावगे नव्हे, असा धीर आम्हांस त्याच्या चरित्रावरून आला.

साहित्य

आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या पिकाचे छायाचित्र स्वतः घेऊन पिकाची नोंद करू लागला. ज्या हातास पिकाचे छायाचित्र साधले, त्यास पिकावरील किड्याचेही साधेल. सूक्ष्म वस्तूंच्या अशा छायाचित्रणास मॅक्रो फोटोग्राफी म्हणतात. त्यास पुढील वस्तू पुरतात.

फोनच्या भिंगावर चिमट्याने बसविता येणारे मॅक्रो भिंग बाजारात थोडक्या पैशांत मिळते. ते नसेल तर घड्याळजीचे भिंग फोनच्या डोळ्यापुढे धरूनही काम भागते. ज्यांच्याजवळ मोठा कॅमेरा आहे त्यांनी 'एकास एक' प्रमाणाचे मॅक्रो भिंग वापरावे. म्हणजे पाच मिलिमीटरच्या किड्याची प्रतिमा कॅमेऱ्यातील संवेदक पट्टीवरही पाच मिलिमीटरचीच पडते. याखेरीज एक पांढरा पातळ कागद, शाळेची मिलिमीटरच्या खुणांची पट्टी, कपड्यांचा चिमटा बांधलेली एक वेताची काठी आणि नोंदवही, एवढे जवळ ठेवावे.

छायाचित्र घेण्याची रीत

१. वेळ. सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम. कीटकांच्या अंगात स्वतःची ऊब नसते. रात्रीच्या गारव्याने ते सुस्त असतात आणि उन्हे अंगावर येईपर्यंत सहसा उडत नाहीत. शिवाय त्या वेळी वाराही कमी असतो.

२. स्थैर्य. नुसत्या डोळ्यास न जाणवणारी पानाची हालचाल भिंगातून भूकंपासारखी दिसते. यास्तव काठी मातीत रोवून तिच्या चिमट्यात डहाळी अलगद धरावी. कोपरे गुडघ्यावर वा भिंतीस टेकवावी व श्वास सोडून झाल्यावर बटण दाबावे.

३. अंतर. मॅक्रो भिंगातून वस्तू ठराविक अंतरावरच स्पष्ट दिसते. हे अंतर बहुधा काही सेंटिमीटरच असते. फोन आपोआप चित्र स्पष्ट करील या भरवशावर राहू नये. आपणच फोनसह अगदी सावकाश पुढे-मागे व्हावे आणि किड्याचा डोळा स्पष्ट दिसताच चित्र घ्यावे. पडद्यावर चित्र ताणून मोठे करून मग टिपणे व्यर्थ होय. त्याने बारकावा वाढत नाही, अस्पष्टता वाढते.

४. स्पष्टतेची खोली. जितके जवळ जावे तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ होतो. कधी कधी तो एका मिलिमीटरचाही नसतो. डोळा स्पष्ट तर पाठ धूसर, असे होते. सबब किडा शक्यतो आडवा, आपल्या भिंगास समांतर येईल असे उभे राहावे आणि एकाऐवजी दहा-पंधरा चित्रे घ्यावी. कॅमेऱ्याचे छिद्र एफ/८ ते एफ/११ ठेवल्यास खोली वाढते, मात्र मग प्रकाश अधिक लागतो. थोड्या थोड्या अंतराने घेतलेली अनेक चित्रे संगणकावर एकत्र करून सबंध किडा स्पष्ट करण्याचीही रीत आहे; परंतु कीड ओळखण्यास तिची गरज पडत नाही.

५. प्रकाश. भर उन्हात किड्याचे गुळगुळीत अंग चकाकते व खालची बाजू काळीठिक्कर पडते. ऊन आणि पान यांमध्ये पांढरा कागद धरावा; फ्लॅश वापरल्यास त्यापुढेही तोच कागद धरावा. मऊ प्रकाशात मेणाचे तंतू, अंगावरचे केस व पंखांवरील शिरा उठून दिसतात.

६. माप व नोंद. एक चित्र संपूर्ण झाडाचे, एक पानाचे, एक किड्याचे वरून, एक बाजूने, आणि एक मिलिमीटरची पट्टी शेजारी धरून, अशी किमान पाच चित्रे घ्यावी. मापावाचून किड्याचे चित्र म्हणजे चतुःसीमेवाचून जमिनीचा दस्त. वहीत तिथी, झाड, पानाची वरची बाजू की खालची, अदमासे संख्या आणि किडा त्या वेळी काय करीत होता, हे लिहावे. शेवटची बाब सर्वांत मोलाची आहे.

चित्रासाठी किडे शीतकपाटात ठेवून बधिर करण्याची किंवा मारून मांडण्याची युक्ती काहीजण करतात. ती आम्हांस मान्य नाही. मेलेला किडा काय खात होता, हे तो सांगत नाही.

चित्रात काय पाहावे

पिठ्या ढेकूण व त्याचा वैरी. पिठ्या ढेकणाची मादी सुमारे दोन-तीन मिलिमीटरची, चपटी, जवळजवळ एका जागी बसलेली. सोंड पानात खुपसलेली. क्रिप्टोलिमसची अळी पूर्ण वाढल्यावर सेंटिमीटरहून थोडी अधिक भरते, झपझप चालते व तिच्या मेणाच्या दशा लांब व विस्कटलेल्या असतात. तिचा प्रौढ भुंगेरा केवळ चार मिलिमीटरचा, काळपट तपकिरी, पण डोके व मागील टोक नारिंगी. याच पुंजक्यांत एका लहान फुलपाखराची, स्पाल्जिस इपियसची, अळीही सापडते. तीही पिठ्या ढेकणाचे मेण पांघरून त्यांनाच खाते. तिचा कोष अवघा पाच-सहा मिलिमीटरचा. तो मोठा करून पाहिला तर माकडाचे तोंड आपल्याकडे पाहत आहे असा भास होतो. परसातील मुलांस भिंगाची गोडी लावावयाची असल्यास हा कोष दाखवावा.

फुगलेले व छिद्र पडलेले किडे. पपईवरील पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचा. भारतात तो २००८ साली कोइंबतूर येथे आढळला व झपाट्याने पसरला. २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्टो रिकोहून त्याचे परोपजीवी आणविले. त्यांतील असेरोफॅगस पपाई या अतिसूक्ष्म गांधीलमाशीने ही साथ बव्हंशी आटोक्यात आणली. ती आपले अंडे किड्याच्या अंगात घालते. किडा फुगून कोरडा पडतो व त्यास भोक पाडून नवी माशी बाहेर येते. चवळीच्या माव्यातही अशाच दुसऱ्या माश्या काम करतात. तपकिरी, फुगीर, वाटोळे छिद्र पडलेला मावा चित्रात दिसला की, आपल्या आधी कोणी कामास लागले आहे असे समजावे. अशा वेळी फवारणी म्हणजे आपल्याच गड्यास शेतातून हाकलणे.

देठावरची अंडी. पानावर केसाएवढ्या बारीक देठांच्या टोकांस पांढरे मणी लटकलेले दिसतात. पुष्कळ लोक त्यास बुरशी समजून पुसून टाकतात. ती क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या किड्याची अंडी होत. त्याची पिले इतकी खादाड असतात की प्रत्येक अंडे देठावर अलग नसते, तर पहिल्या निघालेल्या पिलाने शेजारची अंडी संपविली असती. हीच भूक माव्यावर चालते.

माशी की मधमाशी. फुलापुढे हवेत स्थिर राहणारी, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची माशी मधमाशीसारखी दिसते. चित्रात पंख मोजावे. मधमाशीस चार पंख, हिला दोन. ही सिरफिड माशी होय. हिची बिनपायांची अळी लहानशा गोगलगाईसारखी माव्यात सरकते व तो शोषून खाते.

भातावरील तुडतुडे. आमचे जे कोकणातील बंधू अजून भात लावतात त्यांनी चुडाच्या बुंध्याशी बसलेला तपकिरी तुडतुडा व त्याची अंडी शोषणारा हिरवट मिरिड ढेकूण, या दोघांची चित्रे शेजारी शेजारी ठेवावी. इंडोनेशियात फवारणीने असे मित्र मेले व तुडतुडा अधिकच माजला. अखेर १९८६ साली तेथील सरकारने भातावर ५७ कीटकनाशकांस बंदी केली.

आठ पाय. कोळी हा कीटक नव्हे. कीटकास सहा पाय, कोळ्यास आठ. उडी मारून भक्ष्य धरणारे इवले कोळी आमच्या पडवीत नेहमी फिरतात. २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातील अशा कोळ्यांच्या दोन नव्या जाती शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केल्या. त्यांतील एकीस, २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात अतिरेक्यास धरून ठेवताना प्राण देणारे पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ, इसियस तुकारामी असे नाव देण्यात आले. एवढ्या दाट वस्तीच्या जिल्ह्यातही नोंद न झालेले जीव अजून आहेत, हे यावरून कळून येते.

छायाचित्राची मर्यादा

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. छायाचित्रावरून किड्याचे कूळ बहुधा कळते; नेमकी जात ठरविण्यास पुष्कळदा तज्ज्ञांस प्रत्यक्ष नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. फोनमधील यंत्र जे नाव सुचविते तो केवळ अर्ज समजावा, मंजुरी नव्हे. शंका असेल तर चित्रे व वहीतील नोंद घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात विचारावे. तसेच फवारणी कधीच करू नये असे आमचे म्हणणे नाही. कीड वाढत आहे, तिचा वैरी कोणी दिसत नाही आणि पीक हातचे जात आहे, असे लागोपाठच्या चित्रांवरून सिद्ध झाले तर योग्य औषध योग्य मापाने जरूर वापरावे.

पुढे काय झाले

गेल्या फाल्गुनात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पुन्हा आला. या खेपेस आम्ही पंप माळ्यावरून काढलाच नाही. एका डहाळीस लाल दोरा बांधून तीच डहाळी दर तिसऱ्या सकाळी टिपावयाची, असा नेम धरला. पहिल्या आठवड्यात चित्रांत कीड वाढतच होती, आणि खरे सांगावयाचे तर दोन वेळा आमचा धीर सुटला होता. चित्रांत मुंग्यांची रांग मात्र स्पष्ट दिसली. मुंग्या त्या गोड रसाच्या लोभाने पिठ्या ढेकणाची राखण करतात व त्याच्या वैऱ्यांस हुसकावतात. आम्ही खोडास ग्रीस लावलेली चिंधी गुंडाळून त्यांची वाट बंद केली व सर्वांत बिघडलेला एक शेंडा कापून टाकला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुतणीने फोन पुढे केला. पुंजक्याच्या कडेस एक झिपरी पांढरी अळी होती. त्यापुढील चित्रांत तीन, मग सात. महिनाभरात त्या डहाळीवरील पिठ्या ढेकूण बोटांवर मोजण्याइतके उरले, व जास्वंदीस पुन्हा कळ्या आल्या. यंदा लावलेली पपई अजून निरोगी आहे.

आमच्या गावाची खाचरे गेली, आणि त्यांबरोबर चूड हाती घेऊन कीड ओळखणारी जुनी नजरही जावयास लागली. परसातील एक जास्वंद व खिशातील फोन यांनी ती नजर थोडीबहुत परत आणता येते, असा आमचा अनुभव आहे. वाचकांनी उद्या सकाळी आपल्या परसातील एकच पान उलटून पाहावे, त्याखाली जो कोणी बसला असेल त्याचे चित्र घ्यावे, आणि त्याचा निकाल निदान तीन दिवस राखून ठेवावा.